हिरवी पाटी, बंद ब्लूटूथ: संपर्क शोधणाऱ्या ॲपचं उशिरा लिहिलेलं परीक्षण

ड्रॉवर आवरताना जुना फोन हाती लागला. तासभर चार्जरला लावल्यावर जागा झाला आणि पहिल्याच पडद्यावर ते ॲप दिसलं. कोविडच्या महासाथीत आपण कोणाच्या जवळ होतो याची नोंद ठेवणारं, आणि त्यांतला कोणी पॉझिटिव्ह निघाला तर आपल्याला कळवणारं. उघडलं तर म्हणतं, ‘सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही’. संपर्क शोधण्यासाठीच जन्मलेल्या ॲपने हे म्हणावं, यावर मी एकटीच हसत बसले.

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोट काढण्याचा मला पगार मिळतो. त्या दोन वर्षांत या जातीची जी ॲप्स हाताशी आली ती जुन्या फोनांवर टाकून पाहिली, ज्यांचा सोर्स कोड, म्हणजे आतला मूळ मजकूर, खुला होता तो जमेल तसा वाचला, बाकीच्यांबद्दल छापून आलेलं गोळा केलं. आणि संध्याकाळी स्वयंसेवक म्हणून बाधितांना फोन करून ‘कोणाकोणाला भेटलात’ हे विचारायचं कामही केलं. म्हणजे एकच काम यंत्राला करताना पाहिलं आणि स्वतःही केलं. परीक्षण तेव्हाच लिहायचं होतं. पण तेव्हा ॲपला नावं ठेवली की तुम्ही साथ पसरवणारे, आणि कौतुक केलं की वरच्यांचे भाट. मधली जागाच नव्हती.

आधी वस्तूबद्दल. फोन ब्लूटूथवरून दर काही मिनिटांनी बदलणारा एक आकडा पुटपुटत राहतो, आसपासचे फोन तो ऐकून ठेवतात. अंतर ओळखायचं ते सिग्नलच्या जोरावरून. पहिली खोट इथेच आहे. सिग्नल माणसाच्या अंगात अडतो आणि पातळ भिंतीतून आरपार जातो. दोन फोन टेबलावर दोन मीटरवर ठेवून मी मध्ये उभी राहिले, तर एक फोन दुसऱ्याला पार खोलीबाहेर गेलेला समजला. उलट भिंतीपलीकडचे शेजारी, ज्यांचं तोंड महिनाभर पाहिलं नव्हतं, ते माझ्या पलंगाशी येऊन बसल्यासारखे दिसायचे.

दुसरी खोट बारीक आहे, पण माझ्या मते जास्त महागात पडली. जुन्या अँड्रॉइडवर ब्लूटूथने आजूबाजूचे फोन शोधायचे तर लोकेशन चालू ठेवावं लागे. जर्मनीचं ‘कोरोना-वॉर्न-ॲप’ लोकेशन घेतच नव्हतं. पडद्यावर ते तसं लिहितही होतं. आणि खालून फोन म्हणायचा, लोकेशन चालू करा! कोड वाचलेल्या माणसाला यात गोम नाही हे कळतं. बाकीच्यांनी तोंडाकडे बघायचं की हाताकडे?

आता हिशोब. हे ॲप एकट्याच्या फोनवर असून उपयोगाचं नाही, भेटणाऱ्या दोघांकडेही हवं. दर १०० माणसांत ३० जणांकडे असेल, तर दोघांच्या भेटीत दोघांकडेही असण्याची शक्यता ९ टक्के. ६० जणांकडे असेल तर ३६ टक्के. वापरणारे दुप्पट, तर पकडल्या जाणाऱ्या भेटी चौपट. हे गणित एकदा डोक्यात शिरलं की कोणत्याही अधिकाऱ्याचा हात आपोआप हुकमाच्या कागदाकडे जाईल, आणि त्यात मला काही राक्षसी वाटत नाही. एप्रिल २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांच्या अंदाजातला ६० टक्क्यांच्या आसपासचा आकडा बातम्यांतून असा फिरला, की त्याखाली सगळं व्यर्थ असंच लोकांना वाटलं. खरं तर कमी लोकांनी वापरलं तरी काही ना काही फायदा होतो, हेही तेच संशोधक सांगत होते. पण ते वाक्य मथळ्यात मावणारं नव्हतं.

हुकूम निघाला की काय होतं ते मी जवळून पाहिलं. तेव्हा जिथे काम करत होते तिथे दारातच ॲपची हिरवी पाटी दाखवल्याशिवाय आत सोडत नसत. चौथ्या दिवशी आमच्या टीममधल्या एका पोराने मला त्याचं कौशल्य दाखवलं. हिरव्या पाटीचा स्क्रीनशॉट काढलेला, ॲप काढून टाकलेलं. बॅटरी वाचते म्हणाला. आठवड्याभरात निम्म्या मजल्याकडे तो स्क्रीनशॉट होता. उरलेल्यांतल्या पुष्कळांकडे ॲप होतं पण ब्लूटूथ बंद, कारण तारेविना हेडफोन तेव्हा कोणाकडे होते? दारावरच्या माणसाला हे कळत नव्हतं असं नाही. त्याला रांग संपवायची होती. वरच्यांच्या तक्त्यात मात्र आमच्या ऑफिसची नोंद १०० टक्के.

वरचंच गणित पुन्हा करून पाहा. सक्तीने ९० जणांनी ॲप घेतलं आणि त्यांतल्या निम्म्यांनी ब्लूटूथ बंद ठेवलं, तर खरे वापरणारे ४५, पकडल्या जाणाऱ्या भेटी २० टक्के. मनाने ५० जणांनीच घेतलं आणि चालू ठेवलं, तर २५ टक्के. आकडे मी मनाचेच घेतले आहेत. पण डाउनलोड मोजणारा तक्ता पहिल्याला शाबासकी देतो, हे मनाचं नाही.

भारताच्या आरोग्य सेतूत मला सगळ्यात खटकला तो क्रम. २ एप्रिल २०२० ला ॲप आलं. १ मे च्या आदेशाने सरकारी आणि खासगी, सगळ्या कर्मचाऱ्यांना ते सक्तीचं झालं, आणि शंभर टक्के लोकांकडे असण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखांवर टाकली. माहिती कोण, किती दिवस ठेवणार याची नियमावली त्यानंतर, ११ मे ला. १७ मे च्या आदेशात सक्तीची भाषा मवाळ होऊन ‘शक्य तेवढा प्रयत्न करा’वर आली. ॲपच्या अँड्रॉइड आवृत्तीचा सोर्स कोड खुला झाला २६ मे ला. हेच चार कागद उलट्या क्रमाने निघाले असते तर? कोड आधी, नियम मग, विनंती त्यानंतर. आणि हुकमाची गरज पडलीच तर शेवटी. पाचांतले दोन तारे. एक कमी झाला तो केवळ क्रमासाठी.

सिंगापूरचं ‘ट्रेसटुगेदर’ यंत्र म्हणून चांगलंच. २० मार्च २०२० ला, म्हणजे बाकीचे अजून बैठकांत असताना आलं. स्मार्टफोन नसलेल्यांसाठी खिशात ठेवायचं छोटं टोकनही काढलं, आणि ते आधी वयस्कर लोकांना दिलं. माझे वडील शेवटपर्यंत बटणांचा फोन वापरायचे, त्यामुळे या एका गोष्टीसाठी मी अर्धा तारा जास्त देते. लोकांना सांगितलं होतं की ही माहिती फक्त संपर्क शोधायला वापरली जाईल. जानेवारी २०२१ मध्ये संसदेत सरकारनेच कबूल केलं, की फौजदारी प्रक्रिया संहितेखाली पोलिसांना ती मागता येते, आणि खुनाच्या एका तपासात मागितलीही होती. तोवर सत्तर टक्क्यांहून जास्त रहिवासी त्यात सामील झालेले. खुनी सापडावा असं कोणाला वाटणार नाही? पण प्रश्न खुनाचा नव्हता, दिलेल्या शब्दाचा होता. फेब्रुवारीत घाईने कायदा करून पोलिसांची मागणी सात प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांपुरती मर्यादित केली. मेमध्ये दुकानांत, कार्यालयांत शिरायला ट्रेसटुगेदरच सक्तीचं झालं. यंत्राला चार, शब्दाला दीड.

अशीच गोष्ट जर्मनीत खासगी ‘लुका’ ॲपची. हॉटेलात शिरताना नाव-नंबर नोंदवायचं ते ॲप होतं. माइन्त्स शहरात एका माणसाच्या मृत्यूच्या तपासात पोलिसांनी त्या नोंदींतून साक्षीदार शोधले. कायद्यात त्याला परवानगी नव्हती. २०२२ च्या जानेवारीत हे बाहेर आलं आणि लोक आपापल्या फोनवरून लुका पुसायला लागले. एवढ्या मोठ्या देशात एका शहरातल्या पोलिसांनी केलेली आगळीक, आणि तिची किंमत कोणी मोजली? दुसऱ्या दिवशी बाधितांना फोन लावणाऱ्या कोणीतरी. कदाचित माझ्यासारख्याच.

याच्या उलट नॉर्वे. एप्रिल २०२० मध्ये त्यांनी ‘स्मित्तेस्टॉप’ आणलं. ते लोकेशनसकट सगळं एका जागी साठवायचं. जूनमध्ये तिथल्या डेटा संरक्षण प्राधिकरणाने आक्षेप घेतला, तर आरोग्य संस्थेने कुरकुर केली, पण माहिती गोळा करणं थांबवलं आणि जमलेली पुसून टाकली. डिसेंबरात नव्याने, लोकेशन न घेणारं ॲप काढलं. माझ्या धंद्यात याला रोलबॅक म्हणतात. रिलीज मागे घेणं नामुष्कीचं असतं हे मी पंधरा वर्षं ऐकते आहे, आणि पंधरा वर्षं मागे न घेतलेल्या रिलीजची घाण काढते आहे. ॲपला दोन तारे, मागे घेण्याला पाच.

जर्मनीचं सरकारी ॲप १६ जून २०२० ला आलं. आधी सगळी माहिती मध्यवर्ती सर्व्हरवर ठेवायचा बेत होता. तज्ज्ञांनी ओरड केल्यावर एप्रिलमध्येच तो सोडला, जवळ आल्याच्या नोंदी ज्याच्या त्याच्या फोनवरच ठेवल्या आणि कोड पहिल्यापासून उघडा ठेवला. सरकारी गोष्टींना झोडपण्यात ज्यांची हयात गेली त्या केऑस कॉम्प्युटर क्लब या हॅकरांच्या संघटनेने आधीच दहा निकष जाहीर केले होते, आणि या ॲपवर त्यांना फारसं तोंडसुख घेता आलं नाही. मला हे कोणत्याही जाहिरातीपेक्षा मोठं वाटलं. टीका करणाऱ्यालाच आधी तपासायला द्यायचं. तरी तिथेही प्रयोगशाळा ॲपला जोडलेल्या नसल्या की पॉझिटिव्ह निकाल नोंदवायला हॉटलाइनवर फोन करून पडताळणीचा कोड घ्यावा लागे. ताप आलेला माणूस हॉटलाइनवर संगीत ऐकत बसणार नाही. साडेतीन.

ऑस्ट्रेलियाच्या ‘कोविडसेफ’वर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण लोकांचा विश्वास कमावला की ॲप चालतं, या माझ्या लाडक्या सिद्धांताच्या ते आड येतं. २६ एप्रिल २०२० ला आलं, आणि काही तासांत दहा लाख लोकांनी घेतलं. मेमध्ये खास कायदा केला: ही माहिती दुसऱ्या कामाला वापरणं गुन्हा, आणि कोणाला ॲप घ्यायला भाग पाडणं हाही गुन्हा, पाच वर्षांपर्यंत कैद. म्हणजे सक्ती होतीच, पण सक्ती करणाऱ्यावर! मालकाने दारात हिरवी पाटी मागितली तर मालक आत. विश्वास कमवायचा तर याहून चांगली सुरुवात मला सुचत नाही. आणि ॲप? आयफोन खिशात गेला, पडदा बंद झाला, की त्याचा कान जवळपास बंद. ऑगस्ट २०२२ मध्ये ते बंद करताना जो हिशोब जाहीर झाला त्यात दोन कोटी दहा लाख डॉलरच्या वर खर्च होता, आणि माणसांनी फोन करून सापडले नसते असे संपर्क होते फक्त १७. लोकांनी विश्वास टाकला आणि वस्तूने तो वाया घालवला. विश्वास, विश्वास म्हणणाऱ्या माझ्यासारख्यांनी हा आकडा भिंतीवर लावावा. हेतूला पाच, कामाला एक.

इंग्लंड-वेल्सचं ॲप मला सगळ्यांत जमलेलं वाटतं, आणि तेही दुसऱ्या प्रयत्नात. पहिलं, मध्यवर्ती साठवणीचं, आइल ऑफ वाइट बेटावर करून पाहून जून २०२० मध्ये टाकून दिलं. दुसरं २४ सप्टेंबरला आलं. ते घेण्याची सक्ती नव्हती, आणि वापरणारा कोण हे ॲपलाही माहीत नसे. त्यामुळे गंमत अशी झाली, की आरोग्य खात्याच्या माणसाने फोन करून ‘घरी थांबा’ सांगितलं तर ते कायद्याने बंधनकारक, मोडलं तर हजार पौंडांपासून दंड. ॲपने सांगितलं तर ती फक्त सूचना. तरी १ कोटी ६५ लाखांच्या आसपास लोक ते नियमित वापरत होते, लोकसंख्येच्या २८ टक्के. २०२१ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने डिसेंबर २०२० पर्यंतचा हिशोब मांडला. एका पद्धतीने २ लाख ८४ हजार, दुसऱ्या पद्धतीने ५ लाख ९४ हजार बाधा टळल्या. दोन आकड्यांत दुपटीचं अंतर आहे, हे टेस्टर म्हणून मला दिसतं. पण लहान आकडाही काही लहान नाही.

डाग त्यालाही आहेत. गरीब माणसाला घरी थांबल्याबद्दल पाचशे पौंड मिळायची सोय होती, पण ॲपला नाव माहीत नसल्याने ॲपच्या सूचनेवर थांबलेल्याला ते सुरुवातीला मिळेनात. ती वाट डिसेंबरमध्ये उघडली. निनावी ठेवायचं तर पैसे कोणाला द्यायचे, हे कोडं सुरुवातीलाच सोडवायला हवं होतं. मग जुलै २०२१ मध्ये एका आठवड्यात सहा लाखांवर सूचना गेल्या, माणसं नाहीत म्हणून कामं अडली, आणि लोकांनी सरळ ॲप बंद करायला सुरुवात केली. ऑगस्टमध्ये नियम सैल केला: लक्षणं नसलेल्या बाधिताच्या आधीच्या पाचऐवजी दोनच दिवसांतल्या भेटी धरायच्या. विज्ञानाच्या बाजूने याला काही आधार असेल. मला त्यात ग्राहक निघून चालला म्हणून धावणारा दुकानदार दिसला, आणि त्याचंही मला वाईट वाटलं नाही. हुकमाच्या ॲपला धावावं लागत नाही. चार तारे.

कोणी म्हणेल, सक्तीने काम होतच नाही हे खोटं आहे. बरोबर. १२ जुलै २०२१ च्या संध्याकाळी फ्रान्सच्या अध्यक्षांनी कॅफे, रेल्वेसाठी आरोग्य-पास, म्हणजे लस किंवा चाचणीचा दाखला, लागेल असं जाहीर केलं आणि दिवसभरात नऊ लाखांहून जास्त लोकांनी लसीच्या वेळा ठरवल्या. समजुतीच्या किती पत्रकांनी एवढं झालं असतं? पण लस दंडात गेली की गेली, ती देताना मन नाखूश होतं म्हणून कमी चालत नाही. ॲपचं तसं नाही. त्याला रोज सकाळी तुमची परवानगी लागते, आणि खोटं बोलायला रोज नवी संधी असते. आणि सक्तीलाही दम लागतो. ऑस्ट्रियाने फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्व प्रौढांना लस बंधनकारक केली, मार्चमध्ये दंड सुरू व्हायच्या आधीच स्थगित केली, आणि उन्हाळ्यात कायदाच गुंडाळला.

राहिली शेवटची सेवा, माणसाने माणसाला केलेला फोन. आमच्या हातात छापील मजकूर होता. पहिल्या तीन ओळींत कलम, माहिती लपवल्यास होणारी शिक्षा, आणि मग ‘आता कृपया मागच्या दिवसांतल्या भेटी सांगा’. मी पहिले दोन दिवस तो जसाच्या तसा वाचला. लोक ‘कोणालाच नाही’ म्हणायचे. इतकी एकांतात राहणारी माणसं आणि तरी इतकी साथ!

आमच्यात एक निवृत्त नर्स होत्या, त्यांना सगळे सिस्टर म्हणायचे. त्यांनी माझा फोन ऐकला आणि कागद उलटा करून ठेवला. “आधी विचार, औषध आणून द्यायला कोणी आहे का. जेवण कोण करतंय. मग गप्प बस.” आमच्या पर्यवेक्षकाला हे पसंत नव्हतं, मजकूर वरून आलेला. शेवटी तडजोड झाली, कलम राहील पण शेवटी वाचायचं. मी घड्याळ लावून पाहिलं, प्रत्येक फोन दुप्पट लांबला. नावं मात्र येऊ लागली.

पण एका संध्याकाळी एक मुलगी नेमकं उलट म्हणाली. घरात बाधित, ही संपर्कात, आणि मालक म्हणतो कामावर ये. “ताई, तो नियम आहे ना, तो लेखी द्या की मला. जरा कडक भाषेत द्या.” तेवढ्यापुरतं कलम सगळ्यात वर आलं. ठळक अक्षरांत.

आणि एक गृहस्थ. आवाजावरून पन्नाशीचे. कोणाला भेटला नाहीत का काका, म्हटलं तर बराच वेळ फक्त खोकला. मग म्हणाले, “नाव सांगितलं तर त्याचं काम बंद होईल, आणि उद्या तो मला कामाला घेणार नाही. तुमचं काय जातंय?” खरंच होतं, माझं काही जात नव्हतं. मी म्हटलं तुमचं नाव पुढे जाणार नाही, आणि शिधा पोचवायची सोय आहे, त्याच्याकडेही. ते नाही म्हणाले. मी नंबर दिला. फॉर्मवर ‘माहिती देण्यास नकार’ अशी खूण करायची असते, ती केली नाही. पर्यवेक्षकाने विचारलं तर म्हटलं, फोन अपुरा राहिला आहे.

तिसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला त्यांचाच फोन आला. शिधा खरंच पोचला होता म्हणाले. मग सावकाश, शुद्धलेखन घातल्यासारखी, चार नावं सांगितली. त्यांतल्या एकाला आदल्या दिवसापासून ताप होता.

फॉर्ममध्ये ‘स्वतःहून फोन केला’ असा रकाना नव्हता. मी ‘इतर’मध्ये लिहिलं.